कोरड्या कापसाचा डबा

आर्णीच्या बसस्टँडमागे अब्रारचं दुकान होतं. दुकान कसलं, टपरीच. आत एक स्टूल होतं, पण त्या स्टुलावर अब्रार बसलेला मी तरी कधी पाहिला नाही. माणूस उभ्यानं काम करायचा. सोल्डरिंगची कांडी हातात, तोंडानं बडबड चालू, मधेच रस्त्यापर्यंत जाऊन यायचं, माठातलं पाणी घटाघटा प्यायचं, परत कांडी हातात. गिऱ्हाईक म्हणायचं, "बसा ना भाई, डोकं फिरून राह्यलं आमचं." हा म्हणायचा, "बसलो का झोप लागते." हे साफ खोटं होतं. झोप त्याला घरी गादीवरही लागत नव्हती.

त्याचा धंदा कापसाच्या मीटरांचा. ज्यांनी कधी खरेदी केंद्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक डबी असते, तिला वायर, आणि वायरीच्या टोकाला वीतभर लांबीचा दोन दातांचा सुळा. तो सुळा कापसाच्या गंजीत खुपसला की डबीवरचा काटा सांगतो, मालात ओलावा किती. आठ टक्के म्हणजे चोख माल. बाराच्या वर गेला की मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर नाक मुरडणार आणि भाव पाडणार. ही मीटरं बिघडली की अख्ख्या तालुक्यातून अब्रारकडे यायची.

दोन हजार पाच-सहाच्या सालांत तर जरा जास्तच यायची. कापसाच्या भावानं तेव्हा साऱ्या यवतमाळ जिल्ह्याचं डोकं फिरवलं होतं. पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव, आणि चांगल्या गोष्टीसाठी एकदाही नाही. केंद्रावर माणसं आधीच भडकलेली असत. त्यात ग्रेडरनं सुळा खुपसून "तेरा" म्हटलं की भावावर काढता न येणारा राग मीटरवर निघायचा. आपटलेली, लाथाडलेली, एक तर बैलगाडीच्या चाकाखाली घातलेलं, अशी मीटरं पिशवीत घालून जिनिंग कारखान्याचा ग्रेडर फुलचंद दुकानात यायचा आणि म्हणायचा, "अब्रारभाई, याले जिवंत करा. माह्यं काही खरं नाही."

आता त्या डब्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड तिथूनच आहे. दुकानाच्या वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा असायचा, झाकणाला मेण लावलेला. त्यात निवडक कापूस, ओलावा बरोबर आठ टक्के. दुरुस्त झालेलं प्रत्येक मीटर त्या कापसात खुपसायचं, काटा आठवर आणायचा, मगच ते दुकानाबाहेर. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी, दर दसऱ्याला, अब्रार त्या डब्यातला चिमूटभर कापूस तोलून अफरोजच्या बेकरीच्या भट्टीत सुकवायचा, परत तोलायचा आणि खात्री करून घ्यायचा. फुलचंद एकदा हसला तेव्हा अब्रार त्याच्यावर खेकसला होता. "ज्याच्यावरून साऱ्याइले मोजतो, तेच ओलं निघालं तं? मंग सारा बाजार खोटा."

घरी तिघंच. अब्रार, त्याची बायको हलीमा आणि मुलगी नसरीन. नसरीनला नवव्या वर्षी शुगर लागली. म्हाताऱ्यांची गोळीवाली शुगर नव्हे, लहान पोरांना होते ती, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई घ्यावी लागते ती. सुई जास्त झाली किंवा जेवण चुकलं की शुगर एकदम उतरायची. मग पोरीचे हात थरथरायचे, वरच्या ओठावर घाम यायचा, आणि ती म्हणायची, "अम्मी, साखर दे." हलीमाच्या ओढणीच्या टोकाला कायम ग्लुकोजची पुडी बांधलेली असे. नऊ वर्षं अशी गेली, आणि घरानं त्याची सवय करून घेतली.

मग बारावीच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, कॉलेजच्या प्रयोगशाळेत हातात चंचुपात्र घेऊन उभी असलेली नसरीन उभ्याची आडवी झाली. ना थरथर, ना घाम, ना कोणाला हाक. गावातल्या डॉक्टर विजयमाला उके मॅडमनी सलाइन लावून तिला शुद्धीवर आणलं आणि अब्रारला बाहेर बोलावलं. "शुगर उतरायला लागली की अंग आधी ओरडतं," त्या म्हणाल्या. "इतक्या वेळा उतरली की हिच्या अंगानं ओरडणंच सोडलंय. आता तिला कळणार नाही, सरळ खाली पडेल."

पोरीला तर यवतमाळला जायचं होतं. फार्मसीला. हॉस्टेलवर राहून. तिनं ते आठवीत असल्यापासून ठरवलं होतं, आणि ठरवलं म्हणजे ठरवलं. हलीमानं त्या दिवशीच जाहीर केलं, "कोठी जाची गरज नाही. माह्या डोळ्यासमोर राह्यजो." नसरीन बापाकडे पाहत राहिली. अब्रार अंगणात गेला, परत आला, पाणी प्यायला, परत अंगणात गेला.

दुसऱ्या दिवशी तो पोरीला म्हणाला, "तुह्यं अंग ओरडत नाही तं मशीन ओरडन. मी बनवतो."

लोक हसले ते इथपासून. मीटरवाला आता पोरीच्या दंडात मीटर खुपसणार म्हणे. पण अब्रारला हसण्याचं काही नव्हतं. त्याचा एक दोस्त होता धम्मरत्न, यवतमाळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायचा. त्यानं शुगर तपासायच्या पट्टीची उकल करून सांगितली. पट्टीवर एक द्रव्य असतं. ते रक्तातली साखर खातं, आणि त्या उलाढालीतून इवलासा करंट निघतो. साखर जेवढी, करंट तेवढा. परदेशात मोठमोठ्या लॅबमध्ये हेच द्रव्य तारेवर चढवून ती तार कातडीखाली ठेवायची खटपट चालू आहे, असंही त्यानं सांगितलं. अब्रारनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे कापूसच की. सुळा खुपसा अन् करंट वाचा."

"अंग म्हणजे कापूस नोहे अब्रारभाई," धम्मरत्न म्हणाला.

"तेच तं पाहाचं हाय."

तार प्लॅटिनमची लागते. आता गाड्यांच्या गॅरेजात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटला सगळे 'प्लॅटिन' म्हणतात, म्हणून या गृहस्थानं सतरा जुन्या स्कूटरींचे पॉइंट गोळा करून कानशीनं घासले. त्यात प्लॅटिनमचा कण नव्हता. धम्मरत्न पोट धरून हसला, मग नागपूरच्या भंगार बाजारातून एका जुन्या भट्टीच्या तापमापकातली बोटभर खरी तार त्यानंच मिळवून दिली. दुसरी तार चांदीची हवी होती. ती हलीमाच्या पैंजणातून गेली. ती देताना हलीमा एवढंच म्हणाली, "पोरगी घरी राह्यली तं याची गरजच नाही." आणि तरी पैंजण काढून दिलं.

साखर खाणारं द्रव्य पॅथॉलॉजी लॅबच्या बाटल्यांच्या तळाशी उरतं, ते मागून आणलं. ते तारेवर टिकावं म्हणून धम्मरत्ननं सांगितल्याप्रमाणे अंड्याच्या पांढऱ्या बलकात घोळलं. मग साखरेच्या पाण्याचे ग्लास मांडून तार एकातून दुसऱ्यात बुडवायची आणि काटा पाहायचा. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. दुकानात एवढ्या मुंग्या झाल्या की फुलचंदच्या एका मीटरात घर करून बसल्या. घरातली साखर दुकानात आणि दुकानातले ग्लास घरात. हलीमा बिनसाखरेचा चहा पुढ्यात आदळायची आणि हा तो प्यायचा, चव न कळता.

ग्लासात तार सरळ चालायला लागली तेव्हा मार्च संपत आला होता. मग अब्रारनं ती पोकळ सुईतून स्वतःच्या डाव्या दंडात, कातडीखाली सरकवली. उके मॅडमना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी दुकानाला कुलूपच ठोकलं असतं, आणि बरं झालं असतं. पहिल्या दिवशी काटा हलला. जिलबी खाल्ली की चढायचा, दोन-तीन तासांनी उतरायचा. अब्रार रस्त्यावर येऊन ज्याला त्याला दंड दाखवत सुटला. चौथ्या दिवशी काटा मेला. तार ओढून काढली तर तिच्याभोवती पांढरट साय जमलेली.

"अंगाले परकं लगेच ओळखू येते," धम्मरत्न म्हणाला. "झाकून टाकते ते."

मग त्या सायीशी भांडण सुरू झालं. तारेवर कधी एक लेप, कधी दुसरा. एकदा तर नसरीनची नेलपॉलिश. दंड सुजायचा, ताप यायचा, हा हळद लावून परत दुसरा दंड पुढे करायचा. मे महिन्यात, बाहेर अंग भाजून काढणारं ऊन, आणि हा पत्र्याच्या टपरीत उभा. माठ दिवसातून दोनदा भरावा लागायचा. पायजम्याची नाडी तीन बोटं आत आली. रात्री चार-चारदा उठायचा. तळपाय जळतात म्हणून ओल्या फरशीवर उभा राहायचा. हलीमा म्हणायची, "काहून असे करून राह्यले?" तो म्हणायचा, "ऊन हाय. टेन्शन हाय. काही नाही."

जूनमध्ये तार सलग दहा दिवस टिकली. आता उरलं होतं एकच काम, काट्याला आकडे लावायचे. करंट कमीजास्त होतो हे दिसत होतं, पण किती करंट म्हणजे किती शुगर, हे कुठून तरी धरायला हवं होतं. अब्रारनं जे आयुष्यभर केलं तेच केलं. चोख माल घ्यायचा आणि त्याच्यावर काटा आणायचा. पट्ट्यांच्या डबीत एक कागद असतो, त्यावर छापलेलं होतं की धडधाकट माणसाची उपाशीपोटी शुगर सत्तर ते शंभर. अब्रारनं सकाळी उठून, चूळ भरून, उपाशीपोटी, स्वतःच्या दंडातल्या तारेचा काटा नव्वदवर आणला आणि स्क्रू घट्ट करून टाकला.

बोट टोचून एका पट्टीवर पाहून घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. पट्ट्या नसरीनच्या. आठवड्याला चार, त्याही जपून. आपल्यासारख्या ठणठणीत माणसानं त्यातली एक वाया घालवायची म्हणजे पोरीच्या तोंडचा घास काढणं, असं त्याला वाटायचं. त्याच्या जागी तुम्हीआम्ही असतो तर आपल्यालाही तेच वाटलं असतं.

बारावीचा निकाल लागला होता. नसरीनला यवतमाळला जागा मिळत होती आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात जाऊन नक्की करायची होती. घरात रोज तोच विषय. शेवटी नसरीननंच तोड काढली. "अब्बा, मले लावा. दहा दिवस. दहा दिवस मशीन नीट चाललं तं अम्मी मले जाऊ देईन. नाही चाललं तं मी नाव नाही काढणार यवतमाळचं."

हलीमानं कुराणाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दहा दिवस म्हणजे दहा दिवस."

अब्रारनं पोरीच्या दंडात तार सरकवली तेव्हा त्याचा हात स्थिर होता. पट्टी बांधून झाल्यावर मात्र तो मोरीत जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तारेला जोडलेली डबी नसरीनच्या कमरेला. डबीत जुन्या गजराच्या घड्याळाचा भोंगा. काटा सत्तरच्या खाली गेला की वाजणार.

पहिला दिवस शांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा वाजला.

हलीमा चुलीवरची पोळी टाकून धावली. पुडी फोडून ग्लुकोज पोरीच्या तोंडात. मॅडमचा नियमच होता, उतरल्याचा संशय आला की आधी साखर, मग तपासणी. पाऊण तासानं पट्टीवर पाहिलं, दोनशे चाळीस; डबीवरच्या काट्याशी ताडून कोणी पाहिलं नाही. "पाहा," अब्रार म्हणाला, "साखर देल्ली म्हणून चढली. नाही देल्ली असती तं?" हलीमानं त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याच्या मशीनला श्रद्धेनं हात लावून तो कपाळाला नेला.

संध्याकाळी परत वाजला. सकाळी परत. तिसऱ्या दिवशी पाच वेळा. आठवड्याच्या पट्ट्या संपल्या होत्या, म्हणून तपासणी नाही; दर वेळी ग्लुकोज, आणि सारखी उतरतेय म्हणून सुई निम्म्यावर आणली. नसरीन सांगत होती, "अब्बा, मले तं काही वाटून नाही राह्यलं." पण तिला वाटत नाही हाच तर आजार होता. तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणूनच तर एवढी यातायात केली होती. ती म्हणाली, "मले तहान लागून राह्यली. शुगर उतरली तं तहान नाही लागत." अब्रार म्हणाला, "जून महिना हाय बेटा. मले बी लागते." आणि बापलेकीनं एकाच माठातून, एकामागून एक, तांब्याभर पाणी प्यायलं.

चौथ्या दिवशी सकाळी नसरीन ओकायला लागली. श्वास जोरजोरात, डोळे खोल गेलेले. डबी म्हणत होती एकशे ऐंशी. अब्रार डबीकडे पाहत म्हणत राहिला, "ठीक हाय, आता तं ठीक हाय." हलीमानं त्याच्या हातातली डबी हिसकली, पोरीला रिक्षात घातलं आणि उके मॅडमचा दवाखाना गाठला. हा रिक्षामागे धावत गेला, अनवाणी.

मॅडमच्या मशीननं आकडा दाखवला चारशे पंचेचाळीस.

मॅडमनी आधी पोरीला पाहिलं. सलाइन, इन्सुलिन, तासातासाला तपासणी. दंडातली तार काढून ट्रेमध्ये टाकली. पोरगी ताळ्यावर येऊन बोलायला लागली तेव्हा दुपार झाली होती. मग त्या अब्रारकडे वळल्या, आणि आवाज न चढवता बोलल्या, त्यामुळे जास्त लागलं.

"हिची शुगर उतरत नव्हती. चढत होती. चार दिवस तुम्ही चढत्या शुगरवर साखर ओतली, वरून सुई कमी केली. अजून चार तास उशीर केला असता तर?"

अब्रार भिंतीला टेकून उभा होता. "काटा खोटं कसा बोलला मॅडम? रोज पाह्यलं. माह्या दंडात बरोबर चालत होता."

"बरोबर कशावरून? नव्वद म्हणजे नव्वद, हे कशावरून लावलं?"

"माह्यावरून."

"तुमची शुगर तपासली होती?"

मॅडम त्याच्याकडे नीट पाहायला लागल्या. ढगळ झालेला सदरा, आत गेलेली गालफडं, सुकलेले ओठ. "पाणी किती पिता दिवसाला?" त्यांनी विचारलं. उत्तर हलीमानं दिलं. "माठ खाली करते हा माणूस. दोनदा भरते मी दिवसातून."

तेवढ्यात पलंगावरून नसरीन म्हणाली, "मॅडम, सुई द्या मले. अब्बा, इकडे या. बोट द्या."

तो जागचा हलेना. "तुह्यी पट्टी वाया..."

"बोट द्या म्हणते ना."

नऊ वर्षं स्वतःची बोटं टोचलेली पोरगी ती. हाताला सलाइन लावलेलं असतानाही तिनं बापाचं बोट असं धरलं की त्याला सुटता आलं नाही. थेंब पट्टीला लावला. घरात कोणी काल दुपारपासून जेवलं नव्हतं, म्हणजे पोट उपाशीच. मशीननं पाच मोजेपर्यंत वेळ घेतला आणि आकडा दाखवला, दोनशे अठ्ठावीस.

नसरीननं आकडा दोनदा वाचला, मग उशीला टेकली. "दरसाल डबा तपासता अब्बा," ती म्हणाली, "सवताले कधी तपासलं?"

अब्रार मटकन खाली बसला. आर्णीतल्या कोणी त्याला बसलेला पाहिला असेल तर तो त्या दिवशी. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. पोरीच्या जिवावर बेतलं होतं आणि हात आपला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या मालात ओलावा शोधत फिरला, आणि चोख म्हणून ज्याच्यावर काटा लावला तोच ओलाचिंब. फुलचंद हे कळल्यावर हसला नाही. त्यानं दोन महिने सगळ्यांना सांगितलं, आणि दर वेळी शेवटी "बिचारा" म्हणाला.

दवाखान्यात दोन रात्री काढाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी नसरीननं बापाची वही मागवली, ज्यात भोंगा वाजला तेव्हाचा प्रत्येक आकडा लिहिलेला होता. तिनं एका कागदावर भरभर गुणाकार मांडले. नव्वदचे दोनशे अठ्ठावीस म्हणजे साधारण अडीच पट. मग अडुसष्टचे एकशे सत्तर. एकशे ऐंशीचे साडेचारशे. मॅडमनी तो कागद हातात घेतला आणि एकेक गुणाकार पडताळून पाहिला.

"तार खरं बोलत होती," नसरीन म्हणाली. "आकडे तेवढे चुकीच्या माणसावरून लावले."

मॅडम म्हणाल्या, "असेल. तरी परत कोणाच्या अंगात हे घालायचं नाही. ज्यांच्याकडे लॅब आहे, तपासायला माणसं आहेत, त्यांचं काम आहे हे. वही धम्मरत्नला द्या, त्याच्या सरांना दाखवू दे." मग अब्रारला गोळ्या लिहून दिल्या आणि जिलबीचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं.

घरी आल्यावर हलीमानं विषय काढला नाही. काढायची गरजच नव्हती. दहा दिवसांची बोली होती, चौथ्या दिवशी दवाखाना झाला. नसरीननंही शब्द पाळला, यवतमाळचं नाव काढलं नाही. ती मुकाट्यानं भाजी निवडायला बसली, आणि ते मुकाट्यानं निवडणं अब्रारला पाहवेना. तो अंगणात गेला, परत आला, पाणी प्यायला गेला, माठापाशी थांबला, आणि न पिताच परत आला.

"हलीमा," तो म्हणाला, "चूक माही होती. पोरगी सांगत होती तहान लागली म्हणून. बरोबर सांगत होती. तिले सारं कळत होतं, मीच आयकलं नाही. माह्या भेवाच्या मापानं मोजलं मी तिले. जाऊ दे तिले."

"अन् पडली तं?"

"पडली तं उचलन कोणी. आपण दोघं होतो ना चार दिवस तिच्यापाशी? काय केलं आपण?"

रात्रीच्या स्वयंपाकानंतर हलीमानं ट्रंकेतून नवी चादर काढली आणि नसरीनच्या पिशवीत घातली. चादरीच्या घडीत ग्लुकोजच्या वीस पुड्या होत्या.

हॉस्टेलवर नसरीनच्या खोलीत पांढरकवड्याची वैष्णवी नावाची पोरगी होती. अब्रारनं तिला उभ्या-उभ्या अर्धा तास समजावलं. घाम आता येत नाही, हिच्या डोळ्याकडे पाहत जाय. एकच गोष्ट दोनदा बोलली का समज. उगीच भांडायला लागली तं भांडू नको, पहिले साखर दे. वैष्णवीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, हे सारं तुमाले कोणत्या मशीननं सांगतलं?" नसरीननं हसून बापाला दाराबाहेर काढलं.

ठरलं होतं असं की पट्ट्यांना आता हात आखडायचा नाही, आणि रोज संध्याकाळी साडेसातला नसरीन हॉस्टेलच्या फोनवरून दुकानात फोन करणार आणि आपला आकडा सांगणार. पहिल्या संध्याकाळी अब्रार सहालाच फोनपाशी येऊन उभा. फुलचंदचं मीटर समोर उघडं पडलेलं, हातात कांडी, कांडी गार. हलीमाही आली होती, तिनं कधी नव्हे ते स्टुलावर बसून घेतलं. साडेसात झाले. सात पस्तीस झाले. अब्रार रस्त्यावर जाऊन आला, आला तोच घंटी वाजली.

"अब्बा, पहिले तुमचा सांगा."

"माहा कायले? तू..."

"पहिले तुमचा."

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. "एकसे सहासष्ट."

"जेवणाच्या आधी का नंतर?"

"आधी."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"चहात साखर?"

अब्रारनं हलीमाकडे पाहिलं. हलीमानं मान हलवली. "नाही," तो म्हणाला.

"पायाले भेगा पाह्यल्या? मॅडमनं रोज पाहाले सांगतलं हाय. आज नाही पाह्यल्या ना? उद्या पाह्यजा, मी विचारन. ठेवते, मागं लाइन लागली पोरीइची."

फोन ठेवला. हलीमानं विचारलं, "तिची किती हाय?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, तिचा आकडा विचारायचाच राहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्यानं झटक्यात रिसीव्हर उचलला, हॉस्टेलच्या नंबरचे तीन आकडे फिरवले, आणि थांबला. पलीकडे पोरींची रांग असेल, तीत ती उभी नसेल, जेवायला गेली असेल. बोलताना एकही गोष्ट तिनं दोनदा सांगितली नव्हती. भांडली होती, पण उगीच नाही.

"चांगली हाय," तो म्हणाला आणि रिसीव्हर खाली ठेवला. मग हलीमाला जरा सरकायला सांगून त्याच स्टुलाच्या कडेवर टेकला, एक चप्पल काढली आणि तळपाय दिव्यासमोर धरून भेगा पाहायला लागला.